तुरुंगातून सुटलेल्या भावाने ओळख लपवून पुण्याला जावे का?

आपण विचारले आहे की, हर्सूल कारागृहातून सुटणाऱ्या आपल्या भावाने कोणाला काही न सांगता पुण्याला जाऊन राहावे का, आणि तो पुन्हा पूर्वीचा माणूस कसा होईल. मी हर्सूलला आणि नंतर पैठणच्या खुल्या कारागृहात शिक्षा भोगली आहे, म्हणून स्पष्टच सांगतो : लपवून जाऊ नये.

माझ्या थोरल्या भावाने मला हाच सल्ला दिला होता. पुण्याजवळ चाकणला कंपनीत लावून देतो, कोणी विचारलेच तर इतकी वर्षे दुबईला होतो असे सांग, असे त्याचे म्हणणे होते. मी नकार दिला आणि तो त्याला अजूनही खटकतो. पैठणला आम्ही शेतात काम करीत असू. पिकाला पाणी देताना मला मी शेतकरीच आहे असे वाटे, आणि तेवढी ओळख मला दुबईच्या खोट्या गोष्टीखाली पुरायची नव्हती. म्हणून पाडव्याला, सालगडी ठरतात त्या दिवशी, मी बहिणीच्या गावातील एका बागायतदाराकडे गेलो आणि पारावर बसलेल्या माणसांदेखत त्यांना सगळे सांगितले : बांधाचे भांडण, माझ्या हातून गेलेला जीव, झालेली शिक्षा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग, रात्रपाळीची लाईट असेल तेव्हा उसाला पाणी द्यायला जाशील का, एवढेच त्यांनी विचारले. गावात मला कोणी कैदी म्हटले नाही असे नाही. परंतु जे माझ्याच तोंडून ऐकले होते, ते पाठीमागे कुजबुजण्यात कोणाला फारसा रस उरला नाही, आणि पुढे शेजारचे लोकही पाण्याची मोटार बंद पडली की मला हाक मारू लागले. चाकणला पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत सगळे उघडे पडले असते, आणि मग शिक्षेपेक्षा खोटेपणाबद्दलच मला काढले असते.

आपल्या भावाचे नाव मतदार यादीत आहे का, तेही पाहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार मतदानाची बंदी तुरुंगात असेपर्यंतच असते, आणि सुटून आलेल्या माणसाला रांगेत उभे राहण्याचे मोल फार असते. सुटून आलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांचीही गाठ घ्यावी.

मी माझ्या स्वतःच्या गावी मात्र परतलो नाही, कारण मृताचे घर तेथेच आहे आणि त्याच्या आईसमोरून रोज ये-जा करण्याचा मला अधिकार नव्हता. आपल्या भावाचे प्रकरण तसे असेल, तर त्याने गाव अवश्य सोडावे, हवे तर पुण्यालाच जावे, परंतु काम देणाऱ्याला पहिल्याच दिवशी खरे सांगावे. थोरल्या भावाशी माझा वाद एवढ्याचसाठी होता.