एमजीबीत व्ही-८ टाकतोयस? आधी पत्रा बघ

मित्रा, एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन टाकायचा उत्साह मस्तच, पण इंजिन घ्यायची घाई नको. माझं दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होतं. गाडीच्या गंजलेल्या सिलमध्ये (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीत) बोट आरपार जात होतं!

पत्रा शाबूत असेल तर डोळे झाकून रोव्हरचं ३.५ लिटर व्ही-८ घे. १९७३ ते ७६ मध्ये कंपनीनेच ते एमजीबी जीटीत (एमजीबीच्या पक्क्या छताच्या मॉडेलमध्ये) बसवलं होतं. ब्लॉक-हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे मूळ बिडाच्या १.८ लिटर इंजिनापेक्षा फार जड नाही.

नवखे इथे फसतात:
- फक्त इंजिनाचा खर्च धरतात. गिअरबॉक्स, रेडिएटर, एक्झॉस्ट कोण देणार?
- ब्रेक जुनेच ठेवतात. हा तर वेडेपणा.
- ब्रिटनमध्ये डीव्हीएलएला (वाहन नोंदणी करणारं सरकारी खातं) आणि विमा कंपनीला इंजिन बदलल्याचं कळवतच नाहीत.

ताकद वाढवायला कॅम-कार्ब्युरेटर बदलायचं गाडी धावल्यावर बोलू.