सांगलीत नोकरी सांभाळून संध्याकाळी बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) करता येईल का?

थेट सांगतो, नाही. तुम्ही विश्रामबागेतल्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहात, सहा वाजता सुटता आणि पुढे कॉलेज गाठायचं म्हणता. पण आपल्याकडे बी.आर्क. हा 5 वर्षांचा, 10 सत्रांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नाव नोंदल्याशिवाय 'आर्किटेक्ट' अशी पाटी लावता येत नाही, आणि परिषद अर्धवेळ किंवा पत्राद्वारे घेतलेली पदवी धरत नाही. कुणी "शनिवार-रविवारी करून देतो" म्हणालं तर एक पैसाही देऊ नका.

मी स्वतः तीन वर्षं ऑटोकॅडवर (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) काढून मग पहिल्या वर्षाला बसलो. वर्गात सगळ्यांत मोठा होतो. खरा अभ्यास स्टुडिओत होतो: ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या) आदल्या रात्री माउंटबोर्ड कापून मॉडेल उभं करायचं, आणि सकाळी सर जिन्यावर बोट ठेवून विचारतात, "इथं डोकं आपटणार नाही का?" हे संध्याकाळच्या दोन तासांत बसत नाही हो.

तुमचा डिप्लोमा गणितासह आहे, म्हणजे दार उघडं आहे. नाटा ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा द्या, राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांतून या. मात्र प्रवेश पहिल्याच वर्षाला मिळतो. साहेबांशी आत्ताच बोला. सुट्टीत काम द्यायला बरेच जण तयार असतात. शिवाय एक सत्र ऑफिसातल्या प्रशिक्षणाचंच असतं, तिथं तुमचा हात इतरांपेक्षा कितीतरी पुढे असेल.