तापीकाठची वाट

लाडक्या चिऊ,

तुझा निरोप रात्री ड्यूटीवरून आल्यावर ऐकला, दोनदा. संमेलनात तुमचं कोळीगीत आहे, त्यातली बाई दर्याकडे बघत घरधन्याची वाट पाहते. आणि तू विचारतेस, "आई, शिरपूरला समुद्र नाही, मग आपल्याकडच्या बाया कुणाकडे बघून गातात?"

वाटेकडे बघून, बाळा.

कोळणीचा माणूस होडी घेऊन जातो, म्हणून ती पाण्याशी बोलते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देते, तेही त्यानं माणूस सुखरूप आणावा म्हणून. आपल्याकडे दूर जायची ती लेक. म्हणून आपल्या गाण्यांत बैलगाडी येते, लेकीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी भाऊ येतो, आणि आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, येते.

आखाजीला तू झोके घेतलेस, पण गाणी नीट ऐक. त्यातली गौराई प्रत्यक्ष पार्वती, तरी चार दिवस माहेरी आलेली; तिला न्यायला शंकर येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. वैशाखाच्या उन्हात, निंबाच्या झोक्यावर आपल्या लेकी तिच्या नावानं स्वतःचंच गात असतात. आजी गाते तेव्हा 'डोळ्या'चा 'डोया' होतो, मला तो शब्द तसाच ऐकायला आवडतो. त्याच दिवशी आजी घागर भरते, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवते. ती पितरांसाठी, म्हणजे जे कधीच येणार नाहीत त्यांच्यासाठी. आखाजीला त्यांचीही वाट पाहतात.

आणि पाणी आपल्याकडेही आहे की. सावळद्याच्या पुलावरून तू जी तापी पाहतेस, ती मुलताईहून निघून प्रकाशा गावाला जाते, उकाईच्या धरणातून सुरतेला, आणि तिथून अरबी समुद्रात. सातशे चोवीस किलोमीटर. मी इथे मस्कतला संध्याकाळी किनाऱ्यावर बसते तेव्हा तिचाच विचार करते. पहिल्या वर्षी तर रोज रडायचे. कोळणीचं गाणं मला तेव्हा कळलं, शाळेत नाचले होते तेव्हा मुळीच कळलं नव्हतं.

या आखाजीला मला रजा नाही. झोका बांधला की फोन लाव. इथे दीड तास मागे असतं, सकाळी लावलास तर मी घरीच असेन. आजीला गायला बसव, तिला सगळी कडवी येतात. मध्ये बोलू नकोस, मला शेवटपर्यंत ऐकायचंय.

तुझी,
आई