वाचकांचे प्रश्न : डिस्क तीच, मग नाव कसं बदललं?

प्रश्न : सर, धायरीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. स्टोरेज बॉक्सवरच्या दोन डिस्क आयस्कझीने (iSCSI, नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) लिनक्स सर्व्हरला जोडल्यात. परवा लाइट गेली, आल्यावर बघतो तर एका डिस्कचं नाव एसडीबीचं (sdb) एसडीसी (sdc) झालेलं, आणि मी बॅकअपची समजून चालू कामाचीच डिस्क फॉरमॅट करायला बसलो होतो! नेटवर्कवरची डिस्क ओळखायची कशावरून?

उत्तर : वेळेत थांबलात, फार बरं झालं. एसडीबी हे डिस्कचं नाव नाहीच हो, दवाखान्यात मिळतो तसा नंबर आहे, जी आधी सापडली तिला आधीचं अक्षर, आणि नेटवर्कवर रोज तोच क्रम राहील याची काही गॅरंटी नाही.

खरा पत्ता म्हणजे वाडा आणि खोली. वाडा म्हणजे टार्गेट, बॉक्सचं डिस्क देणारं टोक, त्याचं नाव 'आयक्यूएन'ने (iqn) सुरू होतं, मग वर्ष-महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन, मग कोलन देऊन पुढचं नाव. त्यात 2004-04 दिसलं की लोकांना वाटतं बॉक्स तेव्हाचा आहे, पण तसं नाही, त्या महिन्यात ते डोमेन नाव देणाऱ्याच्या ताब्यात होतं एवढंच, म्हणजे उद्या डोमेन दुसऱ्याकडे गेलं तरी नावांची सरमिसळ होत नाही. मला ही युक्ती फार आवडते. आयपी आणि 3260 पोर्ट हा नुसता वाड्यापर्यंतचा रस्ता, आयपी बदलला तरी नाव तेच राहतं.

खोली नंबर म्हणजे लन (LUN), त्या टार्गेटमधल्या डिस्कचा नंबर, बहुतेक 0 पासून. पण नुसतं 'लन 1' म्हणून काय कळणार, कुठल्या वाड्यातली? शिवाय बॉक्सवर सेटिंग तसं असेल तर एकच डिस्क दोन सर्व्हरना वेगवेगळ्या लन नंबरने दिसते. फायबर चॅनल या स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये आयक्यूएनच्या जागी 8 बाइटचा डब्ल्यूडब्ल्यूएन (वर्ल्ड वाइड नेम) असतो, बाकी गोष्ट तीच.

म्हणून फॉरमॅट करण्याआधी डिस्कचा स्वतःचा आयडी बघा, डब्ल्यूडब्ल्यूआयडी (WWID). सर्व्हरने विचारलं की डिस्क तो स्वतःच सांगते, आणि लिनक्समध्ये /dev/disk/by-id या फोल्डरमध्ये तो दिसतो. दोन केबलने जोडलेली डिस्क दोनदा दिसते, तेव्हा दोन्हीकडे आयडी एकच असतो, अशा दोन वाटांची एकच डिस्क करणारं मल्टिपाथ त्याच्यावरच चालतं.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी /etc/fstab फाइल) एसडीबी काढून यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा आयडी, टाका, सोबत _netdev ऑप्शनही, म्हणजे ही नेटवर्कवरची डिस्क आहे हे सर्व्हरला कळतं. पण बॉक्सवरून घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) त्याच सर्व्हरला जोडलात तर त्याचा यूयूआयडी मूळ डिस्कचाच निघतो, कारण तो फाइलसिस्टिममध्ये लिहिलेला असतो. तिथे फक्त डब्ल्यूडब्ल्यूआयडीवर जा, आणि तो आजच बॉक्सवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.