बालवाडीत थंडीभर हुरडा, बोरन्हाण, गॅदरिंग… मग शिकवतात कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बदलीमुळे पुण्याहून सांगलीत आलात, मुलगी साडेतीन वर्षांची. डिसेंबर लागल्यापासून बालवाडीतून रोज काहीतरी निरोप येतोय. आज पावट्याच्या शेंगा आणा, उद्या खोबरेल तेलाची बाटली, परवा तर आजीलाच पाठवा. वहीत एक अक्षर नाही. त्यात सकाळची थंडी आणि तिची सततची सर्दी. पाठवू, की संक्रांत होईपर्यंत घरीच ठेवू?

पाठवा. ताप असेल, छाती घरघरत असेल किंवा लेकरू मलूल पडलं असेल तर घरी ठेवा. नुसतं नाक वाहतंय आणि घरात सोफ्यावर उड्या चालल्यात, तर तिला काही झालेलं नाही. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत एक बनियन, वर सुती सदरा आणि त्यावर पातळ स्वेटर घाला. सांगलीची थंडी दहा वाजेपर्यंतच असते, नंतर एकेक कपडा उतरवता आला पाहिजे. नाडीची टोपी नको, घसरगुंडीवर नाडी अडकते.

आता खरा प्रश्न. मी २२ वर्षं इथं बालवाडी चालवतेय. एक खोली, एक अंगण, एक बदामाचं झाड. तुमचा प्रश्न दरवर्षी निदान चार पालक विचारतात. काही जण तोंडावर विचारतात, बाकीचे गेटबाहेर एकमेकांना विचारतात आणि मला ते मदतनीस बाईंकडून कळतं.

पावट्याच्या शेंगेपासून सुरू करू. भोगीच्या आधी दोन-तीन दिवस मी सतरंजीवर पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे असा ढीग ओतते आणि पोरांना सोलायला बसवते. तुम्ही एकदा येऊन बघा. साडेतीन वर्षांच्या मुलीला पावट्याची शेंग फोडायला अंगठा आणि पहिलं बोट एकत्र आणावं लागतं, शिवणीवर नेमका दाब द्यावा लागतो आणि दुसऱ्या हाताने शेंग धरून ठेवावी लागते. पेन्सिल धरायला हीच पकड लागते. ज्या मुलाची बोटं अजून तयार नाहीत त्याच्या हातात पेन्सिल दिली की तो ती मुठीत धरतो, अख्खा खांदा हलवून अक्षर काढतो आणि दोन ओळींत दमतो. मग आपण म्हणतो, याला लिहायचा कंटाळा आहे. सोलून झालं की दाणे निराळे करायचे, शेंगेत तीन निघाले की चार ते बघायचं, किडका कुणाला सापडला त्यावरून गलका करायचा. ही गणिताची शिकवणीच आहे, फक्त तिची वही होत नाही. त्या दाण्यांची भोगीला भाजी होते. आमच्याकडे कुणी तिला खेंगट म्हणतं, कुणी लेकुरवाळी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. घरी वांग्याला तोंड न लावणारी पोरं इथं खातात, कारण पावटा मी सोललाय हे त्यांना प्रत्येकाला सांगायचं असतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागडी साधनं परवडणार नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे घेतले आणि त्यावर काम उभं केलं. आमच्या भागात थंडीत निसर्गच साधनं दारात आणून टाकतो. पावसाळ्यात आमचं अर्धं लक्ष नदीकडे असतं, उन्हाळ्यात अंगणात पाय ठेवता येत नाही. राहिले हे तीन-साडेतीन महिने.

खोबरेल तेलाची बाटली का मागवली असेल, तेही सांगते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. सकाळी बाटली उलटी केली तर तेल पडत नाही. पोरं ती अंगणात उन्हात ठेवतात, डबा खाऊन येतात तोवर कडेचं तेल सुटलेलं असतं आणि मधे पांढरा गोळा उरलेला असतो. "बाई, विरघळलं!" गेल्या वर्षी एकाने ऊन बाटलीत घुसलं असं सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही. शेवटी तेच तेल फुटलेल्या गालांना लावायचं.

जानेवारीच्या अखेरीस हळद निघायला लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याच शहरातल्या पोरांनी हळद पाहिलेली असते ती पिशवीतली पूड. कुणाचे तरी आजोबा मातीसकट ओले गड्डे आणून देतात. आम्ही ती धुतो, किसतो, कागदाला फासतो आणि कागद वाळवतो. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढायची. पिवळ्यावर लालभडक रेघ उठते! वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होते. तुमच्या मुलीच्या वहीत अक्षर नाही म्हणता ना, त्या कागदावर ती पंधरा मिनिटं रेघा, गोल, वेलांट्या काढत बसेल. (कपडे जुने घाला. त्या दिवशी नवीन पांढरा ड्रेस घालून पाठवणाऱ्या एक आई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.) हरिपूर आणि सांगलीवाडीला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांतली बरीचशी गेली. ज्यांच्या घरी पेव होतं असे एक आजोबा मुलांना पेवाची गोष्ट सांगायला यायचे. आत उतरण्याआधी कंदील सोडून हवा कशी बघायची, हे ते हातवारे करून सांगत. मुलांना हळदीपेक्षा तो कंदीलच आवडायचा.

आजीला पाठवा म्हणतात ते यासाठी. मी पालकांकडे पैसे मागत नाही, माणसं मागते. कुणाची आजी जात्यावर बसते, कुणाचे बाबा गवंडी आहेत. मिरजेत तंतुवाद्याच्या कामावर असलेल्या एका आजोबांनी सतारीचा वाळलेला भोपळा आणला होता. पोरांनी आळीपाळीने त्यात डोकं घालून स्वतःचं नाव ओरडून ऐकलं. त्या दिवशी शिकवण्यासारखं आणखी काही उरलंच नाही.

हुरड्याचं फार सांगत नाही. आम्ही तिकीट काढून जायच्या हुरडा पार्टीला जात नाही, कुणाच्या तरी शाळूच्या रानात जातो. आगटी मोठी माणसं पेटवतात, कणसंही मोठी माणसंच चोळतात, पोरं हात पुढे करून उभी राहतात. मातीत लोळतात, परततात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपतात.

बोरन्हाणाबद्दल मात्र नीट वाचा, कारण तिथं माझी चूक झालेली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आम्ही सगळ्यांचं मिळून एकच बोरन्हाण करतो. हलव्याचे दागिने, काळी झबली, डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, उसाचे करवे, गोळ्या आणि मग लुटालूट. काही वर्षांपूर्वी त्या लुटीत तीन वर्षांच्या एका पोराने गोळी तोंडात टाकली आणि ती घशात अडकली. आवाज बंद, चेहरा निळसर. मी त्याला मांडीवर पालथं घेऊन, डोकं खाली करून, पाठीवर दोन खवाट्यांच्या (खांद्यामागच्या हाडांच्या) मधे तळहाताने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला गोळी बाहेर पडली. फोटोग्राफरचा कॅमेरा तेवढा वेळ चालूच होता, ते चित्रण मी आजतागायत बघितलेलं नाही. तेव्हापासून आमच्या लुटीत गोळ्या, शेंगदाणे, हलव्याचे सुटे दाणे, फुटाणे आणि बिया असलेली बोरं नाहीत. चुरमुरे, लाह्या, झेंडूच्या पाकळ्या. भडंगाच्या गावात चुरमुऱ्यांना काय तोटा! बोरं मोठी माणसं बी काढून, फोडी करून हातात देतात. तुमच्या बालवाडीत काय उधळतात ते आधी विचारा. परंपरा मोडते असं कुणी म्हणालं तर माझं हे सांगा. आणि घशात काही अडकलं तर दिसत नसताना आत बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते.

त्याच कार्यक्रमात आयांचं हळदीकुंकू असायचं. त्यातली दुसरी चूक कळायला मला जास्त वर्षं लागली. एक आजी नातीला रोज सोडायला यायच्या, शेंगा सोलायला सगळ्यांत आधी त्याच बसायच्या. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र त्या दाराबाहेर चपलांपाशी बसून राहिल्या. नात आतून हाक मारत होती, "आजी ये की," आणि आजी मान हलवत होत्या. त्या विधवा होत्या. त्यांना कुणी बाहेर बसा म्हटलं नव्हतं, पण आत या असंही मी म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे हळदीकुंकू नाही, तिळगूळ आहे. आया, आज्या, बाबा, रिक्षावाले काका, सगळ्यांना. सुरुवातीला दोन-तीन जणी नाराज झाल्या, एकीने मुलीचं नावच काढलं. नंतर मे २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, पेपरात आलं, तेव्हा त्यातल्याच एकीने मला फोन करून सांगितलं, "बाई, बातमी वाचली का?"

गॅदरिंगबद्दल माझं मत कडक आहे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्यामुळे इथल्या प्रत्येक पालकाला वाटतं की आपलं पोर स्टेजवर गेलंच पाहिजे. पण रात्री साडेआठला, डिसेंबरच्या गारठ्यात, भाड्याच्या टोचणाऱ्या झगमग कपड्यांत, गालाला लाल रंग लावून चार वर्षांचं मूल उभं करायचं आणि ते रडलं की सगळ्यांनी हसायचं, यात त्या मुलाचं काय आहे? आमचं गॅदरिंग सकाळी दहाला अंगणात होतं. मुलं रोज जे म्हणतात, नाचतात, तेच करतात. ज्याला नाही करायचं तो आईच्या मांडीवर बसतो. आणि नाटक करतात पालक. गेल्या खेपेला बँकेतले एक बाबा झाड झाले होते. त्यांना एकच वाक्य होतं, तेही विसरले आणि पोरांनी खालून ओरडून सांगितलं. तुमच्या बालवाडीत रात्रीचं असेल तर भांडू नका, पण चार पालक मिळून वेळ बदलायची विनंती करून बघा. बहुतेक बाईंनाही तेच हवं असतं.

आता तुम्ही नवीन गावात आलाय म्हणून एक सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या बालवाडीत छपरापर्यंत पाणी होतं. त्या चार-पाच दिवसांत कोण कुठं अडकलंय, कुणाकडे तान्हं बाळ आहे, कुणाच्या सासऱ्यांना इन्शुलिन लागतं, हे सगळं आमच्या पालकांना एकमेकांचं तोंडपाठ होतं. शेंगा सोलताना दुसरं बोलतो काय आपण? पाणी ओसरल्यावर गाळ काढायला मी कुणालाच बोलावलं नव्हतं. सकाळी कुलूप उघडायला गेले तर खराटे, बादल्या घेऊन चौदा-पंधरा जण उभे होते. हुरड्याला ज्यांच्या रानात जातो ते ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून आले होते. हळदीकुंकवाला चपलांपाशी बसलेल्या त्या आजीही होत्या, पदर खोचून.

नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे झोपड्यांवरची, दोन-तीन पोरंही आमच्या गेटशी येऊन उभी राहतात. मी आत घेते, हजेरीपट वगैरे काही नाही. "आमचं पोर त्यांच्यात बसणार का?" असं एकदा एका पालकांनी विचारलं होतं. बसणार, म्हटलं. त्यातल्या एका बीडच्या पोरीला ऊस सोलून देता येतो, तुमच्या मुलाला अजून केळंही सोलता येत नाही, तिच्याकडून शिकेल. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती मुलं एका रात्रीत निघून जातात. दुसऱ्या दिवशी बाकीची विचारतात, पूजा कुठाय? गावाला गेली म्हणून सांगते.

तर उद्या शेंगा द्या. विकत आणलेल्या चालतील, पण सोललेल्या नकोत. सासूबाई आल्या असतील तर त्यांना एक दिवस पाठवा, आणि तुम्हाला अर्धा दिवस सुट्टी मिळत असेल तर तुम्हीच जा आणि सतरंजीवर बसा, खुर्ची मागू नका. आणि स्वेटरवर आतून दोऱ्याने नाव घाला. सगळ्यांचे स्वेटर सारख्याच मरून रंगाचे असतात. माझ्याकडे गेल्या वर्षीचे तीन अजून पडून आहेत.