शंका-समाधान : वीज आली, घड्याळ मात्र रात्रीतच

प्रश्न (देवगड तालुक्यातील एक आंबा बागायतदार) : आंबा अढीत घातल्यावर शेडमधील तापमानाची दर मिनिटाला नोंद व्हावी म्हणून आम्ही रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक व डीएस१८बी२० हा सेन्सर बसवला आहे. वळवाच्या पावसात एके रात्री २ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली व सकाळी नऊच्या सुमारास आली, परंतु नोंदवहीत २.४० नंतरची पुढची नोंद थेट २.४१ ची दिसते, आणि त्या एका मिनिटात तापमान चार अंशांनी चढलेले दिसते. इंटरनेट दुपारी आले तेव्हा वेळ एकदम पुढे उडी मारून बरोबर झाली. घड्याळाचा सुटा भाग आणून कॉन्फिग फाईलमध्ये (संगणकाच्या सेटिंग्ज जिथे लिहिलेल्या असतात तिथे) त्याची ओळ लिहिली, तरी काही फरक पडला नाही. शिवाय वीज वारंवार गेल्याने मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून ते ‘फक्त वाचण्यापुरते’ करावे, असे कोणी सुचवले आहे. ते करावे का?

उत्तर : करावे, पण घड्याळाचे काम पुरे झाल्यावरच. हा क्रम का पाळायचा, हे आधी सांगतो.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ मुळातच नसते. (२०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये ते आहे, मात्र त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते.) बंद होण्यापूर्वी कार्डावर जी वेळ शेवटची जतन झालेली असते, तिथूनच हा संगणक सुरू होताना पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाले की खरी वेळ मागवून घेतो. त्यामुळे आपल्या शेडमध्ये सकाळचे नऊ वाजले असता त्याच्या लेखी रात्रच चालू होती. यातील खरा धोका असा की नोंदवही वरवर अखंड दिसते. वीज गेल्याची खूण जिथे हवी तिथे नसतेच, उलट दुपारी वेळ दुरुस्त होते त्या ठिकाणी काही तासांची खोटी पोकळी पडते. एका मिनिटात चार अंश चढलेले आपल्या नजरेस आले म्हणून बरे, अन्यथा आंबा किती तास उबेत राहिला याचा हिशेब चुकीच्या तासांवर मांडला गेला असता.

आता, लिहिलेली ओळ का लागू झाली नाही ते पाहू. या संगणकाच्या प्रणालीच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून कॉन्फिग फाईलची जागा बदलली आहे. पूर्वी ती थेट ‘बूट’ फोल्डरमध्ये असे, आता ती ‘बूट’मधील ‘फर्मवेअर’ या उपफोल्डरात असते. जुन्या जागी त्याच नावाची एक फाईल ठेवलेली आहे, पण तिच्यात केवळ ‘ही फाईल बदलू नका, मूळ फाईल दुसरीकडे हलवली आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आहे. जुन्या लेखांवरून काम करणारे बहुतेक जण त्या सूचनेखालीच आपली ओळ लिहितात, आणि संगणक ती वाचतही नाही. आपलेही तसेच झाले असावे.

आपण आणलेला भाग डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचा आहे असे धरून सांगतो. त्याची विजेची तार पहिल्या पिनला, म्हणजे ३.३ व्होल्टला जोडावी, ५ व्होल्टला नव्हे. डेटाची तार तिसऱ्या, क्लॉकची पाचव्या व ग्राउंडची नवव्या पिनला येते. आपला तापमानाचा सेन्सर सहसा सातव्या पिनवर असतो, त्यामुळे दोघांची अडचण होत नाही. त्यानंतर ‘रास्पी-कॉन्फिग’ हा सेटिंग्जचा कार्यक्रम उघडून ‘इंटरफेस ऑप्शन्स’मध्ये आय-टू-सी (असे सुटे भाग डेटा व क्लॉकच्या तारांवर जोडण्याची सोय) चालू करावे आणि योग्य जागच्या कॉन्फिग फाईलच्या शेवटी ‘डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ इंग्रजी लिपीत, मध्ये कुठेही मोकळी जागा न सोडता लिहावी. ‘टू’च्या जागी अर्थातच २ हा अंक येतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर, इंटरनेट चालू असताना, ‘एचडब्ल्यूक्लॉक’ या आज्ञेला ‘डब्ल्यू’ हा पर्याय देऊन खरी वेळ एकदा त्या घड्याळात भरावी. नोंदी घेणारा आपला कार्यक्रम सुरू होण्याआधी हीच आज्ञा ‘एस’ या पर्यायासह चालेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे घड्याळातील वेळ संगणकाला मिळेल. झाले की नाही हे पाहण्यासाठी राउटर बंद ठेवून संगणकाची वीज अर्धा तास काढावी व पुन्हा द्यावी. इंटरनेट चालू ठेवून केलेली चाचणी फसवी असते.

नोंदीतला फरक नेमका साडेपाच किंवा साडेचार तासांचा निघाला, तर दोष घड्याळाचा नसून वेळपट्ट्याचा (टाइम झोनचा) आहे, हेही ध्यानात असू द्यावे. मूळ प्रणालीत लंडनची वेळ ठरवलेली असते आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. ‘रास्पी-कॉन्फिग’च्या ‘लोकलायझेशन’मध्ये एशिया व कोलकाता निवडले की तो प्रश्न मिटतो.

हे सारे झाल्यावर ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मधील ‘ओव्हरले फाईल सिस्टीम’ चालू करावी. त्यानंतर कार्डावर काहीच लिहिले जात नाही. सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि वीज जाताच पुसले जातात. म्हणजेच अखेरची वेळ जतन करण्याची जी तोकडी सोय होती तीही बंद पडते. बॅटरीचे घड्याळ नसताना हे केले असते, तर प्रत्येक वेळी वीज आल्यावर घड्याळ ओव्हरले चालू केल्याच्या सुमाराच्या तारखेवर जाऊन बसले असते. नोंदी मात्र टिकायला हव्यात, म्हणून त्या पेनड्राईव्हवर लिहाव्यात. तिथेही एक मेख आहे : ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना कोणते ड्राईव्ह जोडायचे याच्या यादीत) नोंदवलेला पेनड्राईव्हही या ओव्हरलेच्या आवरणाखाली जाऊ शकतो, तेव्हा त्यावर एक चाचणीची फाईल लिहून, संगणक बंद-चालू करून ती टिकली का हे अवश्य पाहावे. पुढे कोणतीही सेटिंग बदलायची असल्यास ओव्हरले आधी बंद करावे लागेल.

निसर्ग चक्रीवादळानंतर (३ जून २०२०) दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एवढ्या खंडाला छोटा इन्व्हर्टर पुरणार नाही, पण घड्याळातली नाण्याएवढी बॅटरी पुरते.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या रास्पबेरी पाय ४ च्या पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह अधूनमधून चमकते. ते कॉन्फिगमधून घालवता येते असे समजले.

उत्तर : घालवता येते, पण घालवू नये. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की ते चिन्ह येते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर देणारा ॲडॅप्टर लागतो. मोबाईलचा चार्जर आणि त्याची लांब, बारीक तार बहुधा दोषी असतात. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचे उत्तर ५०००५ आले तर वीज आत्ताच अपुरी आहे, ५०००० आले तर संगणक सुरू झाल्यापासून कधीतरी अपुरी पडली होती, आणि नुसते शून्य आले तर तक्रार नाही. आधी तार बदलून पाहावी, मग ॲडॅप्टर.

प्रश्न (दापोलीतील एक शिक्षिका) : शाळेतील रास्पबेरी पायवर ‘ॲट’ची कळ दाबली की अवतरणचिन्ह उमटते, आणि ३ च्या कळीवर पौंडाचे चिन्ह येते. कीबोर्ड बिघडला आहे का?

उत्तर : कीबोर्ड ठीक आहे. प्रणालीत ब्रिटिश मांडणी गृहीत धरलेली असते. ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंग्जच्या कार्यक्रमात ‘लोकलायझेशन’मधील ‘कीबोर्ड’मध्ये अमेरिकन मांडणी निवडावी आणि तिथेच वायफायचा देश भारत आहे ना, हेही पाहून घ्यावे. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर देवनागरीचा ‘लोहित’ फॉन्ट प्रतिष्ठापित करावा.