बँकेतली नोकरी सोडून लहान व्यावसायिकांच्या संस्थेत जावे का?

आपण विचारले आहे की, बँकेतील नोकरी सोडून ठाण्यातील फेरीवाले, पोळीभाजीवाल्या आणि घरगुती व्यावसायिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जावे का, आणि अशी संस्था चालवणाऱ्याला नेमके काय करावे लागते. मी 2008 साली पतसंस्थेतील नोकरी सोडून या कामात आले आणि सध्या वागळे इस्टेट परिसरात एक लहान संस्था सांभाळते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते.

या लोकांना कर्ज मिळत नाही, असा समज घेऊन मीही आले होते. प्रत्यक्षात जांभळी नाक्यावरच्या भाजीवालीला कर्ज रोज मिळते: दहा हजार म्हणून नऊ हजार हातात पडतात आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये फेडायचे असतात. हिशेब मांडला तर वार्षिक व्याज पाऊणशे टक्क्यांच्या वर जाते. तरीही ती त्याच सावकाराकडे का जाते, हे समजायला मला दोन वर्षे लागली. वसुलीवाला तिच्या टोपलीपाशी येतो. बँकेत जायचे तर सकाळचा धंदा बुडतो, आणि अशा दोन-तीन खेपा झाल्या की व्याजात वाचणारे पैसे तिथेच संपतात.

म्हणून संस्थाप्रमुखाचा बराच वेळ या खेपा कमी करण्यात जातो. फेरीवाल्यांना तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या, जून 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते (आता ते 15,000 झाले आहे) आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के अनुदान मिळते. योजना चांगली आहे. पण महापालिकेच्या सर्वेक्षणात नाव नसेल तर शिफारसपत्र लागते, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेला असतो. लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, विनामूल्य असूनही तिच्यासाठी दलालाला पैसे मोजून आलेल्या बायका आमच्याकडे आजही येतात.

माझी एक चूकही सांगते. लहान व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज देणारी सरकारची मुद्रा योजना नवी असताना लोकमान्यनगरच्या एका पोळीभाजीवालीला मी तिच्यातल्या सर्वांत लहान कर्जांच्या ‘शिशु’ गटातून पन्नास हजारांचे कर्ज मिळवून दिले आणि तिने पोळ्यांचे यंत्र घेतले. चाळीतल्या खोलीच्या मीटरला तो भार झेपेना. यंत्र प्लास्टिकखाली झाकून राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. किती कर्ज हवे, हे मी तिला तीनदा विचारले होते; यंत्र लावणार कुठे, हे एकदाही विचारले नव्हते. बँकेत मुरलेल्या माणसाकडून हीच चूक होते, म्हणून आपल्याला मुद्दाम सांगितली.

तरीही आपली बँकेतली नजर इथे उपयोगी पडेल. प्रेमा पुरव यांनी 1975 साली गिरणगावातल्या खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारापर्यंत नेणे हाच त्या कामाचा गाभा होता. बँकेचा अधिकारी अर्ज कुठल्या रकान्यापाशी अडवतो, हे आपल्याला आतून ठाऊक आहे.

पगाराविषयी स्पष्ट लिहिते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून येणारा पैसा बहुधा वर्षाच्या प्रकल्पाला बांधलेला असतो, त्यामुळे जानेवारी उजाडला की मी पुढच्या वर्षीच्या पगारांसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवू लागते. घराचे हप्ते चालू असतील तर वर्षभराचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोवर सुट्टीच्या काही सकाळी एखाद्या भाजीवालीसोबत पहाटेच्या खरेदीपासून माल संपेपर्यंत बसा आणि तिची परवानगी घेऊन त्या दिवसाचा जमाखर्च लिहून काढा. संस्थेत आलात तर पहिले सहा महिने मी आपल्याला हेच काम देईन.